बिजागरीचा हिशेब

इंदूरच्या आर. एन. टी. मार्गावर सिल्व्हर मॉल आहे. संगणक घ्यायचा असो, बिघडलेला दाखवायचा असो की नुसता भाव काढायचा असो, आमच्याकडची माणसं बहुधा आधी तिथेच जातात. मार्चमधल्या एका दुपारी मी तिथल्या एका दुकानात उभी होते. काउंटरमागच्या मुलाने चौदा इंची लॅपटॉप उघडला, पडदा मागे नेत नेत थेट पाठीला टेकवला आणि म्हणाला, "देखिए आंटी, लॅपटॉप का लॅपटॉप, टैबलेट का टैबलेट." बरोबर आलेल्या भाचीचे डोळे चमकले. मी मात्र खाली वाकून बिजागरी बघत होते.

त्याला कारण होतं. असा फिरणारा लॅपटॉप आमच्या घरात आधी एक होऊन गेला. पुतण्याने घेतला होता. तिसऱ्या वर्षी त्याची उजवी बिजागरी जड झाली. तो जोर लावून उघडत राहिला. एका सकाळी कट्‌ असा आवाज झाला आणि पडद्याच्या कडेचं प्लास्टिक उकललं. बिजागरीचा स्क्रू ज्या पितळी नळीत बसवलेला असतो, ती नळीच प्लास्टिकमधून उपटून आली होती. प्रोसेसर ठणठणीत, पडदा शाबूत, बॅटरीही बरी. पण झाकण मिटेना. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कन्व्हर्टिबल किंवा टू-इन-वन म्हणून जे विकलं जातं, त्यात साध्या लॅपटॉपपेक्षा तीनच गोष्टी जास्त असतात : पूर्ण फिरणारी बिजागरी, स्पर्श ओळखणारी काच आणि बहुतेक वेळा पेन. त्याच दर्जाच्या साध्या लॅपटॉपपेक्षा जे काही हजार रुपये जास्त मोजावे लागतात, ते या तिघांचे. तेव्हा पारख करायची ती या तिघांची, आणि आपल्या घरात त्यांना काम किती आहे याची.

आधी बिजागरी. दाराच्या बिजागरीला एकच आस असतो. पडदा आणि बूड या दोघांनाही जाडी आहे, त्यामुळे एका आसावर पडदा पुढून मागे पूर्ण फेरा घेऊन पाठीला सपाट टेकू शकत नाही. म्हणून या लॅपटॉपच्या बिजागरीत शेजारीशेजारी दोन आस असतात. एक पडद्याला धरून, एक बुडाला धरून; दोघांनी १८०-१८० अंश फिरायचं, म्हणजे ३६० भरतात. पडदा कुठल्याही कोनात थांबतो तो कुठल्या खिटीमुळे नाही, आतल्या पट्ट्यांच्या घर्षणामुळे. हे घर्षण फार असलं तर झाकण उघडताना बूड बरोबर उचललं जातं आणि ताण सगळा स्क्रूंवर येतो. कमी असलं तर बोट लावताच पडदा डुलतो. चांगल्या बिजागरीची दुकानातली परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवून एका बोटाने झाकण उचलावं, बूड जागचं हलता कामा नये. मग पडदा नेहमीच्या कोनात ठेवून त्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोटाने टिचकी मारावी आणि डुलणं किती वेळात थांबतं ते बघावं. आणि झाकण एकाच कोपऱ्याला धरून कधी उघडू नये. मधोमध धरावं, म्हणजे दोन्ही बिजागऱ्यांवर सारखा भार येतो. आमच्या पुतण्याला उजव्या कोपऱ्याने उघडायची सवय होती.

लॅपटॉपचा इतिहासही पुष्कळसा बिजागरीचाच आहे. १९८२ साली आलेल्या ग्रिड कंपास या संगणकात बिल मॉग्रिज या ब्रिटिश रचनाकाराने पडदा कीबोर्डवर शिंपल्यासारखा मिटवला. मॅग्नेशियमच्या पेटीतला तो संगणक पुढे अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही गेला, आणि आज आपण ज्याला लॅपटॉप म्हणतो त्याचा आकार तिथून पक्का झाला. त्याच कंपनीने १९९३ मध्ये ग्रिड कन्व्हर्टिबल काढला. त्याचा पडदा कीबोर्डवर आडवा झाकून त्यावर पेनाने लिहिता येई. २००२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने टॅब्लेट पीसीसाठी विंडोज एक्सपीची वेगळी आवृत्ती आणली. त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत पडदा मधल्या एका खुंटीवर भोवऱ्यासारखा गरकन फिरवून उलटा मिटवायचा असे. पडद्याचा सगळा भार एका खुंटीवर! ती यंत्रं महाग आणि वजनदार होती, घराघरात कधी आलीच नाहीत. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं, आणि त्याबरोबरच लेनोव्होचा योगा १३ बाजारात आला. खुंटी गेली, दोन कडांना दोन बिजागऱ्या आल्या आणि पडदा पार मागे जाऊ लागला. दोनच वर्षांनी त्याच कंपनीने योगा ३ प्रोला घड्याळाच्या पट्ट्यासारखी, धातूच्या ८१३ तुकड्यांची बिजागरी दिली. एका झाकणासाठी आठशे तेरा तुकडे जुळवणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो. आज जवळजवळ सगळ्या कंपन्या त्या ३६० अंशांच्या वाटेनेच जातात.

आता बसण्याचा प्रश्न. लॅप म्हणजे मांडी, पण हे यंत्र खरोखर मांडीवर कसं बसतं हे दुकानात कोणी बघत नाही. तिथे सगळं काउंटरवर उभ्याने चालतं. आमच्या रामबागेतल्या घरात झोपाळा आहे, आणि माझं अनुवादाचं निम्मं काम त्यावर मांडी घालून होतं. टू-इन-वनचा दुसरा एक प्रकार मिळतो. त्यात पडदा कीबोर्डपासून सुटा होतो आणि पाठीच्या पातळ टेकणीवर उभा राहतो. मायक्रोसॉफ्टचा सरफेस हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. टेबलावर तो फार देखणा चालतो. मांडीवर मात्र टेकणीची कड मांडीत रुतते, सगळं वजन पडद्यात असल्यामुळे तो मागे कलतो, आणि झोपाळा हलला की दोन्ही हात सावरण्यात जातात. ज्यांचं काम मांडी घालून, पलंगावर किंवा सतरंजीवर होतं, त्यांनी बिजागरीवालाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात स्टूल मागून घ्यावं, बसावं आणि मांडीवर ठेवून चार ओळी टाइप कराव्यात. कोणी हरकत घेत नाही.

हातात धरण्याची गोष्ट वेगळी. चौदा इंची कन्व्हर्टिबल साधारण १.४ ते १.६ किलो भरतो. हे नुसतं वाचून कळत नाही. सांचीच्या दुधाच्या अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्या एका हातात घेऊन दहा मिनिटं बसून बघा, म्हणजे टॅबलेट म्हणून हा किती वेळ धरता येईल ते कळेल. नुसता टॅबलेट अर्धा किलोच्या आसपास असतो, म्हणजे एक पिशवी. शिवाय पडदा पूर्ण मागे गेला की कीबोर्ड खालच्या बाजूला उघडा येतो आणि बोटांना बटणं लागत राहतात. बटणं दाबली जात नाहीत हे खरं. पडद्यात आणि बुडात हालचाल ओळखणारे संवेदक बसवलेले असतात, दोघांमधला कोन १८० अंशांच्या बराच पलीकडे गेला की कीबोर्ड आपोआप बंद होतो. तरी हाताला ते विचित्र लागतं. लोळून पुस्तक वाचणं एवढ्यासाठी जर कोणी हा लॅपटॉप घेत असेल, तर त्याने साधा लॅपटॉप आणि एक स्वस्तातला टॅबलेट असं वेगवेगळं घ्यावं. दोन्ही मिळून खर्च पुष्कळदा तेवढाच येतो.

मग फिरणाऱ्या पडद्याचा उपयोग कुठे? मधल्या दोन बैठकींत. एक तंबूसारखी, दोन्ही कडा खाली आणि घडी वर. दुसरी, कीबोर्ड टेबलाकडे पालथा आणि पडदा आपल्याकडे झुकलेला. इंदूर-नागपूर वंदे भारतने मी वरचेवर माहेरी जाते, आठ-साडेआठ तासांचा प्रवास. समोरच्या सीटच्या ट्रेवर उघडा लॅपटॉप जेमतेम मावतो. तंबू केला की खोली कमी लागते, आणि बैतूलचे डोंगर बघत एखादं नाटक किंवा मुलाखत निवांत बघता येते. घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावरही तंबूच बरा; कीबोर्ड मागच्या बाजूला राहतो आणि फोडणीचे शिंतोडे त्याच्यापर्यंत कमी पोचतात. पालथ्या बैठकीत एक पथ्य आहे. कीबोर्ड टेबलाला टेकत असल्यामुळे टेबल आधी कोरडं पुसायला हवं. नाश्त्याला पोहे झाले असतील तर शेव आणि साखरेचे कण बटणांच्या फटीत हमखास जातात. त्याच बैठकीत आवाजही तपासावा. स्पीकर कीबोर्डच्या दोन बाजूंना असले तर पालथं घातल्यावर आवाज दबतो. बुडाला असले तर तंबूत तो आत कोंडल्यासारखा येतो. प्रत्येक बैठकीत एक गाणं लावून ऐकणं हाच उपाय.

उष्णतेचंही तसंच. बऱ्याच लॅपटॉपमध्ये पंखा बुडाच्या जाळीतून गार हवा ओढतो आणि बिजागरीजवळून गरम हवा सोडतो. पडदा पार मागे टेकवला की बुडाची जाळी पडद्याच्या पाठीला भिडते, मधे उरते ती फक्त रबरी पायांच्या उंचीची फट. म्हणजे टॅबलेटच्या बैठकीत यंत्राचा श्वास सगळ्यात कमी. इंदूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा हे जाणवतं. म्हणून भाचीला मी सांगून ठेवलं आहे, उन्हाळ्याच्या दुपारी चित्र काढताना पडदा पूर्ण टेकवू नकोस, दोन बोटं फट ठेव. गादीवर किंवा रजईवर ठेवून काम करणं तर कुठल्याच ऋतूत नको.

भाचीचा विषय निघालाच आहे तर पेनाचं सांगते, कारण आमच्या घरात या खरेदीचा खरा जोर तिचा होता. ती चित्रकला शिकते, आणि इंदूरला चित्रकला शिकणं ही साधी गोष्ट नाही. दत्तात्रय देवळालीकरांनी इथे १९२७ साली कलाशाळा सुरू केली. ना. श्री. बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन असे चित्रकार त्यांच्या हाताखालून गेले. भाचीचे शिक्षक आजही आधी कागदावर कोळशाने रेषा काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. पण तिला पुढे पुस्तकांसाठी चित्रं काढायची आहेत आणि ते काम आता पडद्यावर होतं.

पेनाचे दोन प्रकार. रबरी टोकाचं जे पेन पन्नास-शंभर रुपयांत मिळतं, ते यंत्राच्या लेखी बोटच असतं. त्याला दाब कळत नाही, आणि तळहात टेकला तर त्याचीही रेघ उठते. खरं पेन वेगळं. त्यात एक तर स्वतःची छोटी बॅटरी असते, किंवा वॅकॉमच्या एका पद्धतीत पडद्यामागच्या जाळीतूनच पेनाला शक्ती मिळते आणि बॅटरी लागतच नाही. दोन्हींना दाबाच्या हजारो पायऱ्या कळतात. ४०९६ हा आकडा जाहिरातींत सारखा दिसतो. माझ्या मते तो आकडा फारसा कामाचा नाही. भाचीने दुकानात पट्टी मागितली, पडद्यावर तिरकी टेकवली आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढली. पहिल्या लॅपटॉपवर ती रेघ जिना उतरावा तशी हलकी थरथरत आली, दुसऱ्यावर सरळ. भरभर ओढल्यावर दोन्हींवर सरळच येत होती! सावकाश तिरकी रेघ हीच पेनाची कसोटी. दुसरी, टोक आणि शाई यांतलं अंतर. काच आणि चित्राचा थर यांत पोकळी असली तर शाई टोकाच्या किंचित बाजूला उमटल्यासारखी दिसते. आणि पेनाची पद्धत त्या लॅपटॉपला चालणारी आहे ना, पेन डब्यात येतं की वेगळं घ्यावं लागतं, टोक झिजल्यावर नवं मिळतं का, हे विचारून घ्यावं.

हीच कसोटी मी देवनागरीने केली. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याचं पेन उचलत-टेकत जातं, आपण शब्द पुरा झाल्यावर वरून एक लांब आडवी रेघ ओढतो. त्या वेळी तळहात पडद्यावर सरकतो. तळहाताचा स्पर्श वगळण्याची क्षमता कच्ची असली तर शिरोरेषा मधेच तुटते किंवा पानच सरकतं. मी एक वाक्य लिहून बघते, 'कोळ्याच्या पोराने दऱ्या पाहिल्या, मग दर्या पाहिला.' दोन-तीन ओळी सलग लिहून झाल्या की यंत्राची योग्यता कळते.

हेच वाक्य टाइप करूनही बघावं, आणि इंदूरच्या मराठी माणसाने तर नक्कीच. इथे सगळं वातावरण हिंदीचं. दुकानदार देवनागरीचा कीबोर्ड सुरू करून देतो तो हिंदीचा. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. र चा फरक चुकला की अर्थ बुडाला. इनस्क्रिप्ट या सरकारी मान्यतेच्या मांडणीत जे च्या बटणावर र आहे आणि शिफ्टबरोबर तेच बटण ऱ देतं; एन वर ल, शिफ्टबरोबर ळ. ध्वनीवरून टाइप करणाऱ्यांसाठी विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठीचा स्वतंत्र फोनेटिक कीबोर्ड आहे, तो विंडोज ११ मध्येही सेटिंग्जमधून जोडता येतो. कन्व्हर्टिबलमध्ये आणखी एक पायरी तपासायची असते. पडदा उलटा केला की खरा कीबोर्ड बंद, मग काचेवरच्या कीबोर्डवर भिस्त. तिथे मराठी निवडलेली आहे का, ऱ आणि ळ किती बोटं खर्चून मिळतात, हे दुकानातच बघावं. मी दिवसाला हजार-दीड हजार शब्द लिहिते. मला हे प्रोसेसरच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पडद्याच्या आकाराबद्दल एक छोटं गणित सांगते, ते मला फार उपयोगी पडलं. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्यामुळे एकाच चौदा इंचांत वेगवेगळे पडदे मावतात. १६:९ प्रमाणाचा चौदा इंची पडदा सुमारे ३१ सेंटीमीटर लांब आणि १७.४ सेंटीमीटर रुंद. १६:१० चा ३०.२ लांब आणि १८.८ रुंद. साडेतेरा इंचांचा ३:२ प्रमाणाचा पडदा २८.५ बाय १९. ए-फोर कागद २९.७ बाय २१ असतो. म्हणजे पडदा उभा धरून जुना अंक वाचायचा तर चौदापेक्षा साडेतेरा बरा ठरू शकतो. आमच्या बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे लगेच ओळखलं. २००१ साली इंदूरला विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, त्यात ते स्वयंसेवक होते. त्या दिवसांतली कात्रणं आणि जुने दिवाळी अंक स्कॅन करून ठेवले आहेत. वय चौऱ्याऐंशी. लांबट, चिंचोळ्या पडद्यावर पान मावत नाही, सारखं सरकवावं लागतं आणि ते कंटाळतात. पडदा टेबलावर पालथ्या बैठकीत ठेवून दिला की दोन बोटांनी अक्षर मोठं करून तासभर वाचतात.

बारकाईही बघावी. स्वस्त यंत्रांत अजून १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा पडदा सापडतो. चौदा इंचांत तो इंचाला ११२ ठिपके देतो. १९२० बाय १०८० चा १५७ देतो. रोमन अक्षराला हा फरक सोसतो. देवनागरीत मात्र रफार, अनुस्वार आणि उकार एवढेसे असतात, कृ आणि कु यांत गफलत होते, डोळे शिणतात. १९२० बाय १०८० पेक्षा कमी ठिपक्यांचा पडदा घेऊ नये, एवढं मी ठाम सांगते. उजेडाचं माप निट्स. अडीचशे निट्सचा पडदा खोलीत ठीक, पण स्पर्शाची काच बहुधा चकचकीत असते, गॅलरीत बसलं की आपलाच चेहरा दिसतो. तीनशे ते चारशे असेल तर बरं. काचेवर बोटांचे ठसे उठतातच, जिलेबी खाऊन हात लावला तर विचारूच नका; चष्म्याचं मऊ फडकं जवळ ठेवावं.

यंत्राच्या पोटातल्या गोष्टी थोडक्यात. अशा पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा मुख्य पाटीवरच डाख दिलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच जमली तर १६ जीबी. साठवण एसएसडीची हवी. ५१२ जीबी लिहिलेल्या एसएसडीत विंडोज सुमारे ४७६ दाखवतं, त्यात फसवणूक नाही. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. प्रोसेसर दुकानातल्या पहिल्या दोन मिनिटांत जेवढा धावतो तेवढा नंतर धावत नाही. सुरुवातीला तो जास्त वीज खातो, तापला की वेग उतरवतो, आणि पातळ देहात लवकर तापतो. म्हणून यंत्र वीसेक मिनिटं चालू ठेवून मग कीबोर्डवर हात ठेवून बघावा. जुना कन्व्हर्टिबल घेणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी : विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बॅटरीचा हिशेब वॉट-अवरमध्ये करावा. पन्नास वॉट-अवरची बॅटरी आणि लिहिण्या-वाचण्याला आठ वॉट, तर सहा तास; व्हिडिओ कॉलवर हाच काळ निम्म्यावर येऊ शकतो. टाइप-सी चार्जर असला तर फोन आणि लॅपटॉप दोघांचं एकावर भागतं, प्रवासात ते फार सोयीचं. बिलात १८ टक्के जीएसटी असतो. ज्यांची व्यवसायाची नोंदणी आहे, त्यांनी नंबर देऊन बिल घ्यावं.

हे सगळं तपासल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. आपण तो पडदा फिरवणार का? दुकानात सगळ्यांनाच वाटतं, फिरवणार. मी घरी येऊन भिंतीवरच्या कालनिर्णयाशी तीन रंगांची पेनं बांधली. नवीन लॅपटॉप घेणाऱ्या तिघांनी, म्हणजे मी, भाची आणि पुतण्या, हातातलं जुनं यंत्र वापरताना 'आत्ता हा पडदा उलटा झाला असता तर बरं झालं असतं' असं खरोखर वाटलं की त्या तारखेवर टिंब काढायचं. घाई नाही, तीन आठवडे. उगाच काढलेलं टिंब चालणार नाही, काय करत होतो ते सांगता आलं पाहिजे.

तीन आठवड्यांनी आम्ही पान उलगडून बसलो. भाचीची हिरवी टिंबं जवळजवळ रोज, काही दिवशी तीन-तीन. माझी निळी आठवड्याला चार-पाच. त्यातली निम्मी बाबांना काही वाचायला लावून देतानाची, दोन नागपूरच्या गाडीतली. पुतण्या पुण्याच्या कंपनीचं काम इथून करतो, दिवसभर टेबलाशी, बाहेरचा मोठा पडदा जोडून. त्याची लाल टिंबं दोन, आणि दोन्ही क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशीची.

पुतण्याने साधा लॅपटॉप घेतला. वाचलेल्या पैशांत रॅम आठऐवजी सोळा झाली. भाचीसाठी आणि माझ्यासाठी मिळून एकच, साडेतेरा इंची, ३:२ पडद्याचा कन्व्हर्टिबल आणला; दिवसा तो माझा, संध्याकाळी साडेसहानंतर तिचा. झाकण मधोमध धरूनच उघडायचं, हा नियम बाबांनी मोठ्या अक्षरांत लिहून झोपाळ्याच्या शेजारच्या भिंतीवर लावला आहे. दऱ्या आणि दर्याचं वाक्य पडद्यावर पेनाने लिहिलं तेही त्यांनीच, शिरोरेषा न मोडता.